जेवणाची रेकॉर्ड

माझ्या बाबांनी एक परदेशी रेकॉर्ड सात-आठ उन्हाळे दर लग्नात वाजवली, पण ती एकदाही ऐकली नाही. दोष कानाचा नव्हता, तेव्हा कान शाबूत होते. दोष पोटाचा होता.

आधी एक सांगून टाकते. आमच्याकडे बापाला अरे-तुरेच करतात. मीही जन्मभर "बाबा, तू जेवला का?" असंच विचारत आले. पण लिहायला बसलं की हात आपोआप अहो-जाहोकडे वळतो. तेव्हा इथे "बाबा म्हणाले" असं वाचाल तिथे कुणी फार मानाने बोलत होतं असं समजू नका.

बाबांचा धसईत लाउडस्पीकरचा धंदा होता. दोन कर्णे, एक अँप्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेयर, दोन मोठ्या बॅटऱ्या आणि पत्र्याच्या पेटीत रेकॉर्डी. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होत, ती थेट जूनच्या तोंडापर्यंत. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांना गाडी जात नसे. तिथे बॅटरी डोक्यावरून जाई आणि कर्णे काठीला अडकवून दोघांच्या खांद्यावरून. मांडवाशेजारच्या सगळ्यात उंच आंब्यावर कर्णे चढत आणि त्याच आंब्याखाली, कर्ण्याच्या पुढ्यात, बाबांचं टेबल लागे.

या धंद्याचा नियम एकच. हळद लागल्यापासून वरात निघेपर्यंत कर्णा गप्प बसता कामा नये. कर्णा घरच्यांसाठी नसतोच, तो शेजारच्या गावांसाठी असतो. तो दोन मिनिटं थांबला की तिकडे लोक ओट्यावर येऊन कान लावत. नवरा रुसला असणार, मानपानावरून वाजलं असणार, नाहीतर कुणाचं तरी बरंवाईट झालं असणार. गाणं संपवून दुसरं लावेपर्यंतची फट लोक चालवून घेत, त्याहून जास्त नाही.

आता बाबांकडच्या सगळ्या रेकॉर्डी लहान, सिनेमाच्या गाण्यांच्या. गाणं तीन-साडेतीन मिनिटांचं. त्यामुळे बाबा टेबल सोडून पंगतीला बसूच शकत नसत. कुणीतरी पत्रावळ आणून टेबलावर ठेवी. बाबा एक घास घेत, हात पुसत, रेकॉर्ड उलटत, पुन्हा घास. तेलकट बोट रेकॉर्डीला लागलं की धूळ धरते, म्हणून बऱ्याचदा ते जेवतच नसत. साऱ्या गावाला जेवू घालणाऱ्या मांडवातून हा माणूस उपाशी घरी यायचा आणि आई रागारागाने त्याच्यासाठी पुन्हा भात टाकायची.

अशात ती रेकॉर्ड आली. कल्याणला जुन्या रेकॉर्डींच्या एका दुकानदाराने दुकान आवरतं घेतलं, तेव्हा बाबांनी लहान रेकॉर्डींचा एक गठ्ठा घेतला. गठ्ठा सुतळीने बांधलेला होता आणि तो वाकू नये म्हणून तळाला एक मोठी रेकॉर्ड घातली होती. पाट म्हणून. घरी येऊन सुतळी सोडल्यावर बाबा म्हणाले, "अरे, ही पन वाजनारी हाय."

कव्हरवर पिवळ्या गवताचं माळरान होतं आणि मधोमध एक शिडी उभी. टेकायला ना भिंत, ना झाड. आम्ही हसलो. बाबा म्हणाले, हा गोरा मांडववाला दिसतो, मांडव उतरवून शिडी विसरून गेला. मग त्यांनी ती लावली. ऑर्गनचा लांब सूर आला. त्यात गिटार आली. गाणारा कुणी येईना. आईने चहा टाकला, उकळला, गाळला, आम्ही प्यालो, कप विसळून झाले, तरी गाणं चालूच. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. एका बाजूला एकच गाणं होतं, वीस-बावीस मिनिटांचं. बाबांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जो आनंद पाहिला तो संगीताचा नव्हता, पंगतीला बसायला मिळणार याचा होता.

त्या उन्हाळ्यापासून पंगत बसली की बाबा ती रेकॉर्ड लावत, सुई नीट टेकली का ते पाहत आणि बाह्या सरसावून पाटावर जाऊन बसत. वांग्या-बटाट्याची भाजी, भात, डाळ, बुंदी, सगळं बसून, निवांत, वर मठ्ठा मागून. इकडे आंब्यावरून कुठल्याशा थंड देशातला एक माणूस धसईच्या उन्हात गिटार वाजवत असे.

लोकांनी पहिल्यांदा कपाळाला आठ्या घातल्या. "ही कसली इंग्रजी आरती?" मग सवय झाली. मग सवयीचं वळण झालं. त्या गाण्यात अर्ध्यावर एकदम ढोल येतात. दणदणीत, अगदी आपल्यासारखे. आचाऱ्यांनी ती खूण धरली. "ढोल पडला, भात काढा रे!" की दुसऱ्या वाढपाचा भात निघे. पुढेपुढे तर असं झालं की एका लग्नात घाईत ती रेकॉर्ड घरी राहिली, तर नवऱ्या मुलाचा चुलता दुसऱ्या दिवशी बाजारात बाबांना गाठून म्हणाला, "आमच्याकडं ती जेवणाची लावली नाय तुमी. आमी काय पाप केलता?" बाबांनी माफी मागितली. तेव्हापासून पेटीत ती सगळ्यात आधी जाई.

म्हणजे बघा, समुद्रापलीकडे कुणा मोठ्या वादकाने आपली साथीची मंडळी सोडली, एकट्याने वर्षभर खपून एक रेकॉर्ड केली, आणि मुरबाड तालुक्यात ती भात वाढायची घंटा झाली. त्याला कुणी हे सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं याचा मी पुष्कळदा विचार करते. मला वाटतं, तो हसला असता. त्याच्या वाजवण्यावरून तरी तो हसणारा वाटतो.

दुसरी बाजू बाबांनी एकदाच वाजवली, तीही चुकून. घाईत रेकॉर्ड उलटी पडली. बाबा पाटावर बसून पहिला घास तोंडात घालतात न घालतात तोच नवरीचा मामा धावत आला. "लावलेलं बंद पडलं! कर्णा मेला!" बाबा उष्ट्या हाताने पळाले. रेकॉर्ड फिरत होती, सुई जागेवर होती, बॅटरी ठीक होती, आवाज नव्हता. म्हणजे होता, पण दूरच्या रानात कुणी पावा वाजवावा इतका. आंब्यावरच्या कर्ण्यातून तो दहा पावलंसुद्धा जात नव्हता. तेवढ्यात पलीकडच्या पाड्यावरून माणूस आलाच, काय झालं म्हणून विचारायला. बाबांनी रेकॉर्ड उलटली, पण मामाचं तोंड वरात निघेपर्यंत सरळ झालं नाही. घरी येऊन बाबांनी त्या बाजूच्या मधल्या कागदावर जखमेला लावायची पट्टी फुलीसारखी चिकटवली. "ही बाजू मुकी हाय. लावायची नाय."

आणि मला कुणी लावायची नाही म्हटलं की मला तेच लावायचं असतं. घरात मला तापला तवा म्हणत, ते उगीच नाही.

संधी पावसाळ्यात मिळायची. चार महिने लग्नं नाहीत, घरभर ओल. अँप्लिफायर नुसता पडून राहिला तर आत बुरशी धरून जळतो, म्हणून दर रविवारी तो अर्धा तास चालू करून तापवायचा. याला बाबा ओल मारणं म्हणत. मी तेव्हा मुरबाडच्या कॉलेजला जात होते. रविवारी घरी असे, म्हणून ओल मारायचं काम मी मागून घेतलं. घरात कर्णा वाजवला तर गाव गोळा होईल, म्हणून जुन्या रेडिओच्या खोक्यातला स्पीकर तारेने जोडून घ्यायचा. बाबा तेवढ्यात शेतावर असत. पहिली बाजू मला पाठ होती, भाताच्या वासासकट. मी पट्टीच्या फुलीवर बोट फिरवलं आणि दुसरी लावली.

पहिल्या दिवशी मला काहीच कळलं नाही. सुईची खरखर, तिच्याआड तो पावा, म्हणजे बासरीसारखं काहीतरी. दोन मिनिटं झाली तरी पुढे काही घडेना. मी चिडून उचलणार होते. पण अँप्लिफायर तापायला अर्धा तास लागतो, आणि उठून दुसरं काय करणार, कपडे वाळत नव्हते. बसून राहिले. मग एक तार छेडली गेली. एकच. बासरी थांबली, तार विझेपर्यंत थांबली, मग त्याच सुरावर पुन्हा चालू झाली. माझ्या अंगावर काटा आला. का आला ते आजही सांगता येणार नाही.

पुढच्या रविवारी कव्हरच्या मागचा मजकूर शब्दकोश घेऊन वाचला. गिटार, आणि पुढे त्याचं नाव. ऑर्गन, त्याचंच नाव. बासरी, तोच. ढोल, तोच. आणखी चार-पाच वाद्यं, सगळीकडे तोच. आधीची मंडळी सोडून याने सगळं एकट्याने वाजवलेलं. पहिल्यांदा मला वाटलं, काय भांडखोर माणूस आहे, कुणाशी पटतच नसणार. मला तो लगेच आवडला. पण ऐकत गेले तशी माझी समजूत बदलली. एका वाद्याने दुसऱ्यासाठी जागा सोडायची, त्याचं म्हणणं पुरं होईपर्यंत थांबायचं, हे सगळं तो स्वतःशीच करत होता. आज बासरी वाजवायची, महिन्याने गिटार घेऊन बसायचं आणि महिन्यापूर्वीच्या आपल्या बासरीला मान द्यायचा. मला तर समोर बसलेल्या माणसाचं बोलणं पुरं होऊ देणं जमत नसे.

अर्ध्यावर सगळं थांबतं, श्वास घेतल्याचा आवाजसुद्धा येतो, आणि तो चार ओळी गातो. अख्ख्या रेकॉर्डीत गाणं तेवढंच. आवाज काही खास नाही. गळा बसलेल्या मास्तरांसारखा. पण इतक्या वेळाने माणसाचा आवाज आला की घरी कुणीतरी परत आल्यासारखं वाटे. तीन पावसाळे मी ती बाजू ऐकली. कुणाला सांगितलं नाही. बाबांना सांगावंसं फार वाटे, पण फुली त्यांनी घातलेली होती आणि मी ती मोडलेली होती.

पुढे मी शिक्षिका झाले, आटगावच्या बाजूला शाळा मिळाली आणि तिकडच्याच घरात लग्न ठरलं. माझ्या लग्नात पंगत बसल्यावर आंब्यावरून जेवणाची रेकॉर्ड लागली. मी नवऱ्याशेजारी मुंडावळ्या बांधून बसले होते. ऑर्गनचा तो सूर आला आणि मला रडू फुटलं. बायकांनी पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, माहेर सुटतंय गो पोरीचं. माहेर सुटत होतं हे खरं. पण त्या घटकेला मी बाबांकडे पाहत होते. पोरीच्या लग्नात ते पंगतीला बसले नव्हते, टेबलाशी उभे होते, आणि उभं राहूनही ऐकत नव्हते. मला वाटलं, हे एवढं सुंदर आपल्या दोघांत आहे आणि मी ते या माणसाला कधी दाखवलंच नाही.

मग कॅसेटी आल्या, आणि कॅसेटींच्या मागोमाग मोठाले स्पीकरचे बॉक्स. माझ्या चुलत भावानेच धसईत बॉक्सचा धंदा सुरू केला. बाबा त्या बॉक्सवर भयंकर चिडत. "छाती हलते नुसती. गानं कुठंय त्यात?" कर्णे उतरले, मांडवाच्या जुन्या कापडात गुंडाळून माळ्यावर गेले. प्लेयर आणि रेकॉर्डीही तिथेच गेल्या. फक्त ती एक मी सासरी घेऊन गेले. बाबा म्हणाले, "ने. वाजवनार कशावर?" खरंच, माझ्याकडे प्लेयर नव्हता. कपाटात साड्यांच्या मागे ती शिडी कितीतरी वर्षं उभी राहिली.

बाबांचे कान गेले ते असे गेले की आम्हाला कळलंच नाही. तीस वर्षं कर्ण्याच्या पुढ्यात बसलेला माणूस. आधी माझ्या मुलीचं बोलणं त्यांना कळेनासं झालं. बारीक आवाज. ती काही सांगे आणि बाबा "हो हो" म्हणत. तिने विचारलं होतं, "आजोबा, तुमचा गुडघा दुखतो का?" म्हणून हो ठीक होतं. पण ती म्हणाली, "आजोबा, मी पडले," तरी हो हो. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग बाबा बाजाराच्या दिवशी घराबाहेर पडेनात. लोक हाक मारत, बाबा सरळ पुढे जात, लोक म्हणत, माणूस चढेल झाला. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं असं त्यांनी ठरवलं असावं. आई ओरडून ओरडून दमली आणि मग तिनेही सोडून दिलं. आमच्या घरात एवढी शांतता कधी नव्हती.

कल्याणला कानाच्या डॉक्टरांकडे मी त्यांना जवळजवळ ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, वरचे आवाज गेलेत, बारीक, पातळ ते सगळे. राहिलंय ते अजून काही वर्षं टिकेल, पण कानाला मशीन लावायला उशीर करू नका, कारण ऐकायचं विसरलेला माणूस मशीन लावूनही लवकर ऐकत नाही. बाबांनी मान हलवली आणि घरी येऊन साफ नाही म्हणाले. "उभा जन्म लोकांच्या कानाला मशीनं लावली. आता माझ्या कानाला नको." ते हसत म्हणाले, पण ऐकेनात. मी भांडले. दिवाळीत भांडले, होळीला भांडले. भांडण म्हणजे काय, मी ओरडायची आणि त्यांना अर्धंच ऐकू जायचं. मी चिडून म्हणाले, तुला आमच्याशी बोलायचंच नाही. ते मात्र त्यांना ऐकू गेलं. उठून परसात गेले.

मला भीती वाटत होती, हे सरळ सांगते. बाबा जिवंत असतील, समोर बसलेले असतील, आणि मी त्यांना काही सांगू शकणार नाही, अशी भीती. आणि त्या सगळ्या न सांगितलेल्या गोष्टींत रेकॉर्डीची ती दुसरी बाजू सगळ्यात वर होती. म्हटलं, अजून काही शिल्लक आहे तोवर हे एक ऐकवायचंच. मशीन लावोत नाहीतर न लावोत.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत प्लेयर धसईच्या माळ्यावरून काढला आणि शहापूरला एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने आतलं झिजलेलं रबर बदललं, सुई कुठूनशी मिळवली आणि म्हणाला, "ताई, आता हे कोन वापरतंय?" मी म्हटलं, मी. मग मांडीवर प्लेयर आणि बगलेत रेकॉर्ड घेऊन शहापूरहून मुरबाड आणि तिथून धसईची एसटी. अँप्लिफायर कधीच जळला होता, कर्णे गंजले होते. तेव्हा चुलत भावाला सांगून त्याचा एक बॉक्स आणि त्याचाच अँप्लिफायर घरी आणवला. बॉक्स आईएवढा उंच होता. बाबांनी तो दारातून आत येताना पाहिला आणि तोंड फिरवलं.

भारनियमनाचे दिवस होते. वीज दुपारी दोनला येई आणि पाचला जाई. दोनला मी बाबांना खाटेवर बसवलं, हाताने खुणा करून सांगितलं, ऐक. पहिली बाजू लावली. सात-आठ उन्हाळ्यांची धूळ त्यात बसलेली, लाह्या फुटाव्या तशी तडतड. पण ऑर्गन आला, गिटार आली, आणि बाबांचा चेहरा उजळला. मोठे आवाज त्यांना येत होते. पाचेक मिनिटांनी ते उठले. मी विचारलं, कुठे? तर मोरीवर जाऊन हात धुऊन आले आणि आईला म्हणाले, "काय वाढतेस का नाय?" आई आधी हसली आणि मग पदराने डोळे पुसत तिने खरंच ताट केलं. बाबा दुपारचं जेवून दोन तास झालेले असताना पुन्हा भात जेवले. ढोल पडल्यावर आईने न मागता भात वाढला.

मग मी दुसरी लावली. फुलीच्या पट्टीचा डिंक सुकून ती कधीच निघून गेली होती, नुसता डाग होता. बाबांना तो दिसला. सुई टेकली. नव्या सुईला पूर्वीची खरखर नाही, काही नाही, स्वच्छ. आणि ती बासरी आली. मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. एक मिनिट गेलं. बाबा बॉक्सकडे वाकले, मग प्लेयरकडे, मग माझ्याकडे. "बंद हाय," ते म्हणाले. "लागलं नाय."

मी उशीर केला होता. तीन पावसाळे एकटीने ऐकलं, बारा वर्षं कपाटात ठेवलं, आणि आता बासरी त्यांच्यासाठी उरलीच नव्हती. मी सुई उचलायला हात पुढे केला.

"थांब," बाबा म्हणाले.

त्यांनी हात वर केला होता, कर्णा चढवताना झाडावरच्या माणसाला करत तसा. मान खाली होती. मग खाटेच्या लाकडी दांड्यावर त्यांचं एक बोट वाजायला लागलं. ठक. बराच वेळ काही नाही. ठक, ठक. "खाली कोनतरी चालतंय," ते म्हणाले.

मला काही ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, भास. म्हातारपण. मी बासरीच ऐकत होते, मला तीच ऐकायची सवय. मी बाबांच्या बोटाकडे बघत राहिले आणि बोटाच्या मागे मागे कान नेला. आणि मग तो आला. बासरीच्या कितीतरी खाली, जमिनीलगत, एक जाड तार. एक सूर, मग थांबणं, मग दोन सूर. कुणीतरी अंधारात पाय चाचपत जिना उतरावा तसं. अख्खी बाजूभर तो होता. पहिल्यापासून होता. तीन पावसाळ्यांत मी तो एकदाही ऐकला नव्हता.

"हा आधी नव्हता," मी ओरडून म्हणाले.

"व्हता," बाबा म्हणाले. "तुझ्या रेडिओच्या खोक्यातनं खालचं काय येनार? कर्ण्यातनं पन येत नाय. ह्याला असा डबाच लागतो." असं म्हणून त्यांनी चुलत भावाच्या बॉक्सवर थाप मारली, नाइलाजाने मारावी तशी.

म्हणजे ओल मारताना मी फुलीची बाजू लावत असे, हे त्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसले. ते बोटाने मला खालचं दाखवत होते, मी हाताने हवेत त्यांना वरचं दाखवायला लागले. बासरी चढली की हात वर, उतरली की खाली. ते माझ्या हाताकडे बघत, मी त्यांच्या बोटाकडे. अर्ध्यावर सगळं थांबलं तेव्हा आम्ही दोघंही थांबलो. तो चार ओळी गायला. त्या बसक्या आवाजातल्या त्यांना दोन-तीन ऐकू आल्या असाव्यात. "मानूस हाय," ते म्हणाले. मी म्हटलं, हो, एकच आहे, सगळं तोच वाजवतो. हे मला तीनदा ओरडून सांगावं लागलं. मग त्यांना कळलं आणि ते बराच वेळ मान हलवत राहिले. आई दारात उभी होती, भांडी तशीच ठेवून.

रेकॉर्ड संपली. सुई मधल्या रिकाम्या जागेत फिरत राहिली. बाबांनी स्वतः उठून ती उचलली, जागेवर ठेवली, बटण बंद केलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"मशीन लावलं कानाला, तर हे खालचं जाईल काय गो?"

आता मला कळलं, ते वर्षभर कशाला नाही म्हणत होते. मी त्यांना हट्टी समजत होते, अभिमानी समजत होते, पोरीचं ऐकत नाही म्हणून रागावत होते. ज्या माणसाचं वरचं सगळं गेलं होतं तो उरलेलं सांभाळून बसला होता, आणि मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की तुला अजून काय काय ऐकू येतं. सुट्टीभर, वर्षभर, मी फक्त ओरडून सांगत आले होते. मला माझी लाज वाटली आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की मला हसू आलं.

"मला माहीत नाही, बाबा," मी त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाले. "डॉक्टरला विचारू."

"मी विचारतो," ते म्हणाले.

सोमवारी आम्ही सकाळच्या गाडीने कल्याणला गेलो. डॉक्टर मला विचारायला लागले तर बाबांनी माझ्या दंडाला धरून मला मागे केलं, खुर्ची पुढे ओढली आणि मांडवात बोलावं तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, वरचं द्या. पन खालचं माझं हाय, त्याला हात लावू नका."